मुलाला उपचारासाठी परदेशी नेताना: तिकीट सगळ्यात शेवटी काढा

परदेशातल्या रुग्णालयाचा होकार आला की घरातलं कुणीतरी लगेच मोबाइलवर विमानाचे दर बघायला लागतं. जिवाला घोर लागलेला असतो, काहीतरी हालचाल करावीशी वाटते आणि तिकीट काढणं ही हातात असलेली गोष्ट असते. पण ज्या कुटुंबांची फरपट होते, त्यांतल्या बऱ्याच जणांनी हेच काम सगळ्यात आधी केलेलं असतं. व्हिसा लांबतो, विमान कंपनीचा वैद्यकीय विभाग आणखी एक तपासणी मागतो, मुलाला ऐन वेळी ताप येतो, आणि ना परतावा ना तारीखबदल अशा तिकिटाचे पैसे बुडतात. म्हणून क्रम असा ठेवा: रुग्णालयाचं पत्र, कागदपत्रं, व्हिसा, पैसे, विमान कंपनीची वैद्यकीय मंजुरी. तिकीट सगळ्यात शेवटी. फार तर कंपनीला विचारून जागा नुसती धरून ठेवा.

आधी एक अवघड प्रश्न

जायलाच हवं का? हा प्रश्न विचारताना संकोच करू नका. काही वर्षांपूर्वी प्रोटॉन थेरपीसाठी (कर्करोगावरचे एक प्रकारचे किरणोपचार) परदेशी जावं लागायचं. २०१९ मध्ये ती चेन्नईत सुरू झाली आणि २०२३ पासून खारघरला टाटा स्मारकच्या केंद्रातही उपलब्ध आहे. दुर्मीळ आजार असेल तर २०२१ च्या राष्ट्रीय धोरणाखाली नेमलेल्या केंद्रांत मुंबईचं केईएम रुग्णालय आहे. या केंद्रांमार्फत ५० लाख रुपयांपर्यंत मदतीची तरतूद आहे. आणखी एक विचारा: मूल तिकडे नेण्याऐवजी औषध इकडे आणता येईल का? या धोरणात नोंद असलेल्या आजारांची औषधं स्वतःच्या वापरासाठी आयात केली तर २०२३ पासून मूळ सीमाशुल्क माफ आहे. इथल्या डॉक्टरांनी ‘हे इथे होत नाही’ असं लेखी दिलं तर उत्तमच. तोच कागद पुढे व्हिसासाठी लागतो.

रुग्णालयाचं पत्र आणि नावांचा घोळ

तिकडच्या रुग्णालयाकडून मिळणाऱ्या पत्रात पाच गोष्टी असाव्यात: आजाराचं निदान, कोणते उपचार करणार, अंदाजे किती दिवस लागतील, अंदाजे खर्च किती, आणि भेटीची तारीख. सोबत कोण येणार त्यांची नावंही त्यात घालायला सांगा.

खरा घोळ नावांतच होतो. आपल्याकडे बाळाची फाइल जन्मतःच ‘बेबी ऑफ’ अमुक अशा नावाने उघडते आणि पुढे वर्षानुवर्षं तपासण्या त्याच नावाने होत राहतात. जन्मदाखल्यावर कधी बाळाचं नावच नसतं, कधी आईचं नुसतं पहिलं नाव असतं. आईच्या पासपोर्टवर माहेरचं आडनाव आणि मुलाच्या दाखल्यावर सासरचं. वडिलांचं नाव मधल्या नावात धरायचं की नाही, यावर तर प्रत्येक कार्यालयाचं मत वेगळं. एरवी हे खपून जातं. पण व्हिसा अधिकाऱ्यासमोर एका नावाचे रिपोर्ट आणि दुसऱ्या नावाचा पासपोर्ट ठेवला तर तो थांबणारच. तेव्हा पासपोर्टवर जे नाव, जे स्पेलिंग, तेच सगळीकडे. इथल्या रुग्णालयाकडून ‘या फाइलमधलं मूल आणि हा पासपोर्टधारक एकच’ असं लेटरहेडवर लिहून घ्या. जन्मदाखल्यात नाव राहिलं असेल तर नोंदणीपासून १५ वर्षांपर्यंत ते घालता येतं. महापालिकेत किंवा ग्रामपंचायतीत अर्ज द्यावा लागतो. जुना दाखला फक्त मराठीत असेल तर द्विभाषी प्रत मागा, नाहीतर प्रमाणित भाषांतर करून घ्या.

मुलाचा पासपोर्ट साधारणपणे ५ वर्षांचा असतो. तो आधीच काढलेला असेल तर मुदत बघा. अनेक देश प्रवासाच्या वेळी किमान ६ महिने मुदत शिल्लक मागतात आणि उपचार लांबले तर तीही अपुरी पडते. नवीन काढताना आई-वडील दोघांच्या सहीचं परिशिष्ट डी लागतं. दुसऱ्या पालकाची संमती मिळणार नसेल तर परिशिष्ट सी भरायचं. चार वर्षांखालच्या बाळाचा पांढऱ्या पार्श्वभूमीचा फोटो बरोबर न्यावा लागतो. तातडी असेल तर तत्काळ योजना आहेच. मुलाबरोबर एकच पालक जाणार असेल तर दुसऱ्याचं नोटरी केलेलं संमतीपत्र जवळ ठेवा. घटस्फोट झाला असेल तर ताब्याबाबतचा न्यायालयाचा आदेशही. परक्या विमानतळावर रात्री दोन वाजता ‘मुलाचे वडील कुठे आहेत?’ असं विचारलं जातं, तेव्हा हा कागद कामी येतो.

व्हिसा

‘पर्यटक म्हणून जाऊ आणि तिकडे बघू’ असा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. जाण्याचं खरं कारण लिहा.

अमेरिकेसाठी बी-२ व्हिसा. इथल्या डॉक्टरांचं पत्र (आजार काय आणि तिकडे का पाठवतोय), तिथल्या रुग्णालयाचं पत्र (उपचार करायला तयार, कालावधी, खर्च) आणि पैसे कुठून येणार याचे पुरावे लागतात. मुलाखत मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वाणिज्य दूतावासात होते. तारीख लांबची मिळाली तर आधी शुल्क भरून ती तारीख घ्या आणि मग वैद्यकीय कारणाने ती अलीकडे आणायची विनंती करा. ब्रिटनचा नेहमीचा भेटीचा व्हिसा ६ महिन्यांचा असतो. खासगी वैद्यकीय उपचारांसाठी ११ महिन्यांचाही मिळतो, मात्र ६ महिन्यांहून जास्त राहायचं असेल तर क्षयरोग नसल्याचा दाखला लागतो. जर्मनीसह शेंगेन देशांत (युरोपातले सामाईक व्हिसाचे देश) १८० दिवसांत ९० दिवसांची मर्यादा आहे. त्याहून लांब उपचार असतील तर त्या देशाचा राष्ट्रीय व्हिसा काढावा लागतो.

वाटेत ज्या देशात विमान बदलणार, तिथला ट्रान्झिट व्हिसा लागतो का, हेही आताच पाहून घ्या. आणि शेंगेनसाठी सक्तीचा किमान ३० हजार युरोंचा प्रवास विमा काढलात म्हणजे उपचारांचा खर्च भागला असं समजू नका. ठरवून केलेले उपचार आणि आधीपासूनचा आजार त्यात सहसा येत नाही.

पैसे पाठवणं

रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेखाली प्रत्येक व्यक्तीला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलर परदेशी पाठवता येतात. मुलाचीही स्वतःची मर्यादा असते. फॉर्मवर पालकाची सही चालते. उपचारांसाठी त्याहून जास्त लागले तर डॉक्टरांचा किंवा रुग्णालयाचा खर्चाचा अंदाज दाखवून पाठवता येतात. बँकेत ‘वैद्यकीय उपचार’ हेच कारण लिहा, त्याचा कोड एस०३०४ आहे. सवयीने एखादा कर्मचारी पर्यटन किंवा नातेवाइकांचा उदरनिर्वाह असं टाकतो आणि टीसीएस (पैसे पाठवताना बँक कापून घेते तो आगाऊ कर) जास्त कापला जातो. १ एप्रिल २०२५ पासून वर्षाला १० लाख रुपयांपर्यंत टीसीएस नाही. त्यावरच्या रकमेला उपचारांचा दर इतर कारणांपेक्षा बराच कमी आहे. अर्थसंकल्पात तो बदलत असतो, म्हणून पाठवायच्या आठवड्यात बँकेला विचारा. रुग्ण आणि सोबत्याचं तिकीट, तिथला रोजचा खर्च हेही उपचारांच्याच सदरात धरता येतं.

उपचाराची रक्कम थेट रुग्णालयाच्या खात्यात पाठवा. अनामत रक्कम उरली तर किती दिवसांत आणि कोणत्या खात्यात परत येते, हे आधी ईमेलवर विचारून ठेवा.

विमानातली हवा

हा भाग नीट वाचा, कारण मुलाच्या जिवाशी थेट संबंध याचाच आहे.

विमान ३५ हजार फुटांवर उडतं, पण आतला दाब तितका खाली जाऊ देत नाहीत. तो साधारण ६ ते ८ हजार फुटांवर असतो तेवढा राखतात. कळसूबाईचं शिखर ५,४०० फूट. म्हणजे तुमचं मूल कळसूबाईहूनही उंच जागी दहा-बारा तास बसून राहणार. ८ हजार फुटांवर मिळणारा प्राणवायू म्हणजे जमिनीवर २१ ऐवजी सुमारे १५ टक्के प्राणवायूची हवा घेण्यासारखं. धडधाकट माणसाला जाणवतही नाही. पण फुप्फुसाचा आजार, जन्मजात हृदयदोष, कमी हिमोग्लोबिन किंवा सिकलसेल असलेल्या मुलाचं सॅच्युरेशन (रक्तातलं प्राणवायूचं प्रमाण) त्यात झपाट्याने खाली येऊ शकतं. म्हणून डॉक्टरांना ‘प्रवास करू शकेल ना?’ एवढंच विचारू नका. असं विचारा: आठ हजार फुटांवर याला प्राणवायू लागेल का? काही केंद्रांत १५ टक्के प्राणवायूची हवा देऊन तपासतात. त्याला हायपॉक्सिक चॅलेंज टेस्ट म्हणतात. निळसर पडणाऱ्या हृदयरोगी मुलाचं नेहमीचं सॅच्युरेशनच ८० च्या आसपास असेल तर ते पत्रात ठळक लिहून घ्या. नाहीतर विमानातले कर्मचारी आकडा बघून घाबरतात आणि विमान भलत्याच शहरात उतरवायची वेळ येते.

दुसरी गोष्ट कोंडलेल्या हवेची. त्या उंचीवर शरीरात अडकलेली हवा साधारण ३० टक्क्यांनी फुगते. छातीत हवा साठलेली (न्यूमोथोरॅक्स), नुकतीच पोटाची किंवा मेंदूची शस्त्रक्रिया झालेली, डोळ्यात शस्त्रक्रियेवेळी वायूचा बुडबुडा सोडलेला, अशा वेळी डॉक्टरांच्या स्पष्ट परवानगीशिवाय उडायचं नाही. ट्रॅकिओस्टॉमीच्या (श्वासासाठी गळ्यात बसवलेल्या) नळीचा फुगा हवेने भरलेला असेल तर प्रवासात त्याचं काय करायचं तेही विचारा. ताजं प्लास्टर असेल तर पहिल्या ४८ तासांत ते उभं चिरून घ्यावं लागतं, कारण आत सूज वाढते.

पर्याय असेल तर बोइंग ७८७ किंवा एअरबस ए३५० निवडा. या विमानांत आतला दाब सुमारे ६ हजार फुटांचा ठेवतात. बुकिंगच्या वेळी विमानाचा प्रकार लिहिलेला असतो. तिकिटाचे दोनचार हजार वाचवण्यापेक्षा हे बघणं मोलाचं, असं माझं स्पष्ट मत आहे.

विमान कंपनीचा फॉर्म

‘मेडिफ’ हा शब्द लक्षात ठेवा. आजारी प्रवाशाची वैद्यकीय माहिती देणारा हा फॉर्म कंपनीच्या संकेतस्थळावर मिळतो. त्यातला वैद्यकीय भाग उपचार करणारे डॉक्टर भरतात. बहुतेक कंपन्या तो उड्डाणाच्या ४८ ते ७२ तास आधी मागतात. तुम्ही आठवडाभर आधी द्या, कारण त्यांचे डॉक्टर उलट प्रश्न विचारतात. मात्र फार आधीही देऊ नका, प्रकृतीची माहिती ताजी असावी लागते. दोन कंपन्यांची विमानं असतील तर दोन्हींची मंजुरी वेगवेगळी लागते. ‘पार्टनर आहे हो, चालेल’ असं एजंट म्हणाला तरी लेखी मागा.

व्हीलचेअर मागताना तीन प्रकार असतात. चढउतार जमते पण लांब चालवत नाही त्यांच्यासाठी डब्ल्यूसीएचआर, जिने चढता येत नाहीत त्यांच्यासाठी डब्ल्यूसीएचएस, आणि सीटपर्यंत उचलून न्यावं लागतं त्यांच्यासाठी डब्ल्यूसीएचसी. चुकीचा प्रकार लिहिला गेला तर विमानाच्या दारापर्यंतच सोडतात. स्ट्रेचर हवा असेल तर कंपनी अनेक सीटा अडवते आणि तेवढे पैसे घेते, शिवाय सगळ्या कंपन्या ही सोय देत नाहीत.

प्राणवायूचं गणित वेगळं. बहुतेक कंपन्या घरचं सिलिंडर आणू देत नाहीत. एक तर कंपनीकडून आधी नोंदवून घ्यायचा, नाहीतर मान्यताप्राप्त पोर्टेबल कॉन्सन्ट्रेटर (हवेतून प्राणवायू वेगळा करणारं छोटं यंत्र) न्यायचा. घरी भिंतीला लावून चालतं ते मोठं यंत्र विमानात चालत नाही. कॉन्सन्ट्रेटरला उड्डाणाच्या दीडपट वेळ पुरेल एवढी बॅटरी मागतात. मुंबई-लंडन दहा तास धरले तर पंधरा तासांची. जादा बॅटऱ्या केबिनमध्येच न्यायच्या. १०० वॉट-तासांपर्यंत सहसा अडचण नसते, १०० ते १६० पर्यंत कंपनीची परवानगी लागते, त्याहून मोठी चालत नाही.

आता सगळ्यात दुर्लक्षित मुद्दा. कंपनीचा प्राणवायू विमानाच्या दारात संपतो. मधल्या विमानतळावर तीन तास थांबायचं असेल तर त्या तीन तासांचा प्राणवायू कोण देणार? याचं उत्तर हातात नसेल तर थेट विमानच घ्या. मुंबईहून लंडन, फ्रँकफर्टला थेट विमानं आहेत.

आता तिकीट

सगळ्यांचा पीएनआर एकच असू द्या. विमान बदलायचं असेल तर सबंध प्रवास एकाच तिकिटावर, म्हणजे पहिलं विमान चुकलं तर पुढची जबाबदारी कंपनीची. भाडं थोडं जास्त असलं तरी तारीख बदलता येईल असंच तिकीट घ्या. परतीची तारीख तर बदलतेच बदलते. दोन वर्षांखालचं बाळ मांडीवर बसतं, पण प्रवासादरम्यान दुसरा वाढदिवस येत असेल तर परतताना स्वतंत्र सीट लागते. विमानातल्या पाळण्याला वजनाची मर्यादा असते, बहुधा १० ते ११ किलो. मुंबईहून निघताना तिकिटावरचा कोड वाचा: बीओएम म्हणजे सहार, एनएमआय म्हणजे नवी मुंबई. रुग्ण मूल घेऊन चुकीच्या विमानतळावर पोहोचणं कुणालाच परवडणार नाही.

भेटीच्या तारखेच्या निदान दोन-तीन दिवस आधी पोहोचा. मूल थकतं, झोपेचं चक्र बिघडतं आणि अशा अवस्थेत काढलेलं रक्तसुद्धा वेगळंच काही सांगू शकतं.

औषधं, यंत्रं आणि खाऊ

सगळी औषधं केबिन बॅगेत, मूळ वेष्टनात. पुरेल त्याहून आठवडाभराची जास्त. डॉक्टरांच्या पत्रात ब्रँडबरोबर मूळ औषधाचं नाव लिहून घ्या, परदेशात आपला ब्रँड कुणी ओळखत नाही. पातळ औषधं आणि बाळाचं दूध १०० मिलिलिटरच्या नियमातून सुटतं, फक्त सुरक्षा तपासणीत आधी सांगायचं. थंड ठेवायची औषधं सामानात चेक-इन करू नका, तिथे ती गोठू शकतात. मॉर्फिन, मिडाझोलाम, क्लोबाझाम, फेनोबार्बिटोन अशी औषधं असतील तर प्रत्येक देशाचा नियम बघा. संयुक्त अरब अमिरातीत अशा औषधांना आधी ऑनलाइन परवानगी लागते. नुसतं विमान बदलायचं असलं तरी पुढचं विमान चुकून हॉटेलात रात्र काढावी लागली की तुम्ही त्या देशात शिरलात. त्याच कारणाने आजीने दिलेल्या डब्यातले खसखस लावलेले अनारसे दुबईमार्गे नेऊ नका. खसखस तिथे बंदी असलेल्या वस्तूंत आहे.

ब्रिटन आणि युरोपात भारतातून दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे साजूक तूप, पेढे घरीच. वैद्यकीय कारणाने लागणारं खास अन्न किंवा बाळाची दूध पावडर बंद पाकिटात, २ किलोपर्यंत, चालते. मेतकूट, नाचणीचं सत्त्व, भाजलेल्या डाळ-तांदळाची खिमटाची पूड बिनधास्त न्या, अमेरिकेत मात्र फॉर्मवर खाण्याचं सामान आहे असं सांगा. आणि अमेरिकेत वीज ११०-१२० व्होल्टची आहे. आपला २३० व्होल्टचा नेब्युलायझर किंवा सक्शन मशीन तिथे नीट चालणार नाही. यंत्रावरची पट्टी वाचा. १००-२४० लिहिलेलं असेल तर नुसता प्लग बदलून भागतं, नाहीतर तिथेच भाड्याने घ्यायची सोय आधी करा.

एमआरआय, सीटीच्या प्रतिमा पेनड्राइव्हवरही घ्या, सीडी वाचणारा लॅपटॉप आता सापडत नाही. बायोप्सीचे ब्लॉक आणि स्लाइड्स रुग्णालयातून लेखी अर्ज करून मिळतात, त्याला दिवस लागतात.

प्रवासाचा दिवस

चार तास आधी पोहोचा. रोज ठरावीक वेळी द्यायची औषधं, विशेषतः फिटची आणि प्रत्यारोपणानंतरची, विमानात भारतीय घड्याळानेच द्या. तिथल्या वेळेवर कसं सरकवायचं ते डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या, डोक्यात ठेवू नका. फिट आल्यावर मारायचा नाकातला स्प्रे आईच्या खिशात, वरच्या कप्प्यात नव्हे. विमान चढताना आणि उतरताना लहान बाळाला पाजा, मोठ्याला काहीतरी चघळायला द्या, कान दुखत नाहीत. केमोमुळे पांढऱ्या पेशी कमी असतील तर खिडकीची सीट आणि मास्क. विमानातले कर्मचारी परिचारिका नसतात, नळीने भरवणं, इंजेक्शन देणं त्यांचं काम नाही. ते करणारं माणूस तुमच्यातच हवं. मदतीला म्हणून अनुभवी काकूंना नेण्याऐवजी ज्याला ही कामं शिकवली आहेत त्यालाच न्या, कुणाला वाईट वाटलं तरी.

तिथे राहणं

मोठ्या बालरुग्णालयांजवळ कुटुंबांसाठी स्वस्त निवास असतात. अमेरिकेतली रोनाल्ड मॅकडोनाल्ड हाउस १९७४ पासून हेच काम करतात. नाव रुग्णालयाच्या समाजसेवा विभागाकडून जातं आणि प्रतीक्षायादी असते. तेव्हा भेटीची तारीख मिळाली त्याच दिवशी विचारा. दुभाषा हवा असेल तर आधी सांगा. हिंदीचा सहज मिळतो, मराठीचा मागून बघा. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ पासूनचं आहे, उत्तर अमेरिकेत शहरोशहरी मंडळं आहेत. त्यांना पैशांपेक्षा छोट्या गोष्टी मागा: विमानतळावरून गाडी, पहिल्या दोन दिवसांचा वरणभात, तिथलं सिमकार्ड.

परतीचा प्रवास

येताना मूल वेगळ्या प्रकृतीत असतं, म्हणून मेडिफ पुन्हा नव्याने भरायचा. या वेळी तिथल्या डॉक्टरांकडून. रुग्णालयातून घरी सोडणं आणि विमानात बसू देणं ही दोन वेगळी प्रमाणपत्रं आहेत, दोन्ही मागा. शरीरात रॉड, शंट किंवा पोर्ट बसवला असेल तर सुरक्षा तपासणीसाठी त्याचं कार्ड घ्या. डिस्चार्जच्या कागदावर औषधांची मूळ नावं आहेत का पाहा. त्यांतली कोणती भारतात मिळतात हे आपल्या डॉक्टरांना निघण्यापूर्वीच कळवा, मिळत नसतील त्यांचा साठा तिथूनच घ्या. इथल्या डॉक्टरांची भेट उतरल्यानंतरच्या दोन दिवसांतली ठरवून मगच परतीची तारीख बदला. उपचारांच्या पावत्या आणि बँकेच्या स्लिपा एका फाइलमध्ये ठेवा. कापलेला टीसीएस आयकर खात्याच्या तुमच्या वार्षिक करपत्रकात दिसतो आणि विवरणपत्र भरताना तो करात वळता करून किंवा परताव्याने परत मिळतो.